चिंतामणरावांचा नवा पैसा

सोलापूरहून नळदुर्गाकडे माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याचा पूर्वी वाटेत रुपयाच बदलायचा. निजामाच्या मुलखात हाली शिक्का. साधारण सात हाली म्हणजे सहा इंग्रजी रुपये. आपल्या रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै.

ही आकडेमोड सोपी होण्याच्या काळात अर्थखाते चिंतामणराव देशमुखांकडे होते. महाडजवळच्या नात्यात १८९६ साली जन्मलेले, १९१२ साली मॅट्रिकला पहिले आलेले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव १९५० साली अर्थमंत्री झाले. दशमान नाण्यांचा कायदा १९५५ चा. पण टपाल, रेल्वे, कोषागार आणि बँका यांचा हिशेब जुळायला हवा होता. एका आण्याचे सव्वासहा पैसे होत. वरचा पाव पैसा कुणी सोसायचा? अखेर तक्ता ठरला: एका आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९, चारचे २५.

१ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला, तेव्हा चिंतामणराव मंत्रिमंडळात नव्हते. मुंबई महाराष्ट्राला नाकारली गेली म्हणून १९५६ सालीच त्यांनी राजीनामा दिला होता. १९८२ साली ते गेले. पंचवीस पैशांचे नाणेही २०११ साली बंद झाले. बोलण्यातले चार आणे मात्र अजून चालतात.