यंग मोड्युलसच्या पलीकडचा यंग

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या लॅबमध्ये आपली यंग मोड्युलसशी गाठ पडते. सळई ताणायची, रीडिंग घ्यायचं, जर्नल भरायचं. हा यंग कोण, हे व्हायवात कुणी विचारत नाही, म्हणून आपणही शोधत नाही. मला तो परत भेटला फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये. विषय होता पाण्यातून तेल वेगळं करणारी जाळी, आणि पहिल्याच समीकरणाला नाव यंगचं! दोन्ही यंग एकच की काय, हे पाहायला मी लायब्ररी गाठली. एकच निघाला.

थॉमस यंगचा जन्म १३ जून १७७३ चा, इंग्लंडमधल्या मिल्व्हर्टन गावचा. दहा भावंडांत थोरला. शिकला डॉक्टरकी. डोळ्याचं भिंग आकार बदलून जवळचं-लांबचं कसं पाहतं, हे त्याने विद्यार्थी असतानाच मांडलं आणि एकविसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८०१ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाला, पण त्याची लेक्चर्स लोकांच्या डोक्यावरून जायची. दोनच वर्षांत नोकरी सोडली. प्रकाश म्हणजे लाटा, असं म्हटल्यावर एका बड्या नियतकालिकाने त्याला झोडपून काढलं. त्याने उत्तरादाखल पुस्तिका छापली, तर म्हणे एकच प्रत खपली!

१८०५ मध्ये त्याचा द्रवांवरचा निबंध छापून आला. थेंब पृष्ठभागावर टेकतो त्या कडेवर तीन ओढी असतात: घन आणि हवा, घन आणि द्रव, द्रव आणि हवा यांच्या सीमांवरच्या. तिघींच्या समतोलातून थेंबाचा कोन ठरतो. कोन ९० अंशांहून कमी असेल तर द्रव भिजवतो, जास्त असेल तर गोळा होऊन राहतो. गंमत म्हणजे हे सगळं त्याने शब्दांत लिहिलं. आपण पाठ करतो ते समीकरण नंतरच्यांनी मांडलं.

अळवावरचं पाणी आपण बोलण्यात वापरतो, त्यामागेही हाच कोन आहे. पान मेणचट, त्यात बारीक खडबडीत, म्हणून थेंब चिकटतच नाही. २००४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी स्टीलच्या जाळीवर टेफ्लॉनचा असाच खडबडीत थर दिला. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, डिझेलचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून डिझेल जाळीतून खाली गेलं आणि पाणी वरच अडलं.

याचं महत्त्व काय? जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर माणसं बादल्यांनी ते उपसत होती. अर्थात जाळी म्हणजे जादू नव्हे. हलकं तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे जाळीवर आधी पाणीच बसतं. आणि दाट तेलाने छिद्रं बुजतात. ते सोडवायचं काम आपलं.

यंग पुढे इजिप्तच्या चित्रलिपीत शिरला. पण लिपी उलगडल्याचा मान शांपोल्यों घेऊन गेला, लाटांचं गणित फ्रेनेलने बसवलं, द्रवांचं लाप्लासने. पाया याचा, कळस दुसऱ्यांचा. पेशंट बिचकू नयेत म्हणून कितीतरी लेख तर त्याने नाव न देताच छापले. १० मे १८२९ रोजी तो गेला, तेव्हाही इजिप्शियन शब्दकोशाचं काम हातात होतं.

एकाच विषयाला चिकटला असता तर त्याचं नाव आणखी मोठं झालं असतं का? कदाचित हो. पण मग मेकॅनिकलची सळई आणि केमिकलचा थेंब एकाच माणसाला दिसले नसते. आपल्या होस्टेलमध्ये शेजारच्या रूममध्ये दुसऱ्या ब्रँचचा पोरगा राहतो. त्याला कधी विचारलंय, तुझा प्रोजेक्ट काय म्हणून?