डुकरांच्या गोठ्यातले पाश्चर

शेतकरी बंधूंनो, लुई पाश्चर म्हटलं की तुम्हाला पिसाळलेल्या कुत्र्यावरची लस आठवते. त्याआधी त्यांनी डुकरांसाठी लस काढली, हे फारसं कुणी सांगत नाही.

१८२२ साली फ्रान्समध्ये कातडी कमावणाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८६८ मध्ये अर्धांगवायूने डावं अंग अधू झालं. तरी १८८२ मध्ये, साठीला टेकलेले असताना, ते बोलेन गावच्या डुकरांच्या गोठ्यांत स्वतः गेले. एरिसिपेलस रोगाने अंगावर लाल चट्टे उठून तिथली डुकरं मरत होती. सहकारी थुइए यांनी जंतू हुडकला होता. पाश्चर यांनी तो एका सशातून दुसऱ्या सशात टोचत नेला. ससे मेले, पण डुकरांपुरता जंतू नरम पडला. हीच १८८३ ची लस. ती रोग येण्याआधी, धडधाकट डुकरालाच टोचायची. आजारी पडल्यावर द्यायला तेव्हा पेनिसिलीन होतं कुठं?

त्याच वर्षी थुइए इजिप्तमध्ये कॉलऱ्याचा शोध घेताना कॉलऱ्यानेच गेले. पाश्चर १८९५ मध्ये वारले.