कादंबिनी गांगुली : तेरा दिवसांची रजा

बाळंतिणीने सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल टाकू नये, असा आपल्याकडचा जुना रिवाज. त्याच काळात, १८८० च्या दशकात, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात शिकणारी एक विवाहिता बाळंतपणासाठी अवघे १३ दिवस गैरहजर राहिली आणि पुन्हा वर्गात येऊन बसली. ही वार्ता थेट इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कानी गेली. फेब्रुवारी १८८८ मध्ये एका परिचितास लिहिलेल्या पत्रात त्यांनी या बाईंविषयी चौकशी केली आणि त्या १३ दिवसांचा कौतुकाने उल्लेख केला. त्या बाई म्हणजे कादंबिनी गांगुली.

कादंबिनींचा जन्म १८६१ चा. वडील ब्रजकिशोर बसू भागलपूरला मुख्याध्यापक होते; मुलींनी शिकावे या मताचे ते ब्राह्म समाजी. कादंबिनी शिकायला कलकत्त्यास आल्या, १८७८ मध्ये विद्यापीठाची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्या आणि १८८३ मध्ये चंद्रमुखी बसू यांच्यासमवेत बेथून कॉलेजातून पदवीधर झाल्या. त्याच वर्षी त्यांनी द्वारकानाथ गांगुली यांच्याशी विवाह केला. द्वारकानाथ त्यांचे शिक्षक, वयाने सतरा वर्षांनी मोठे आणि विधुर. ब्राह्म समाजातील स्नेह्यांपैकी अनेकांनाही हा विवाह रुचला नाही. पहिल्या पत्नीची मुले घरात होतीच, म्हणजे वैद्यकीय कॉलेजात दाखल होण्याआधीच कादंबिनी आई झाल्या होत्या, सावत्र का होईना. त्या मुलांपैकी विधुमुखी ही पुढे सत्यजित राय यांची आजी.

अर्ज मात्र सुखासुखी मान्य झाला नाही. मद्रासचे कॉलेज १८७५ पासून स्त्रियांना घेत होते. कलकत्त्याने दार लावून ठेवले होते. अबला दास या गुणी मुलीला त्यामुळेच बंगाल सोडून मद्रासला जावे लागले. अखेर सरकारने कॉलेजच्या चालकांचा विरोध बाजूला सारला आणि कादंबिनींना प्रवेश मिळाला. योगायोग असा की, त्याच १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी याच कलकत्त्याच्या बंदरातून अमेरिकेस निघाल्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गमावलेली ती मराठी तरुणी वैद्यकी शिकायला सातासमुद्रापार चालली होती, आणि ज्या शहरातून ती निघाली तिथेच दुसरी तरुणी दार उघडून आत शिरत होती.

कॉलेजच्या वर्षांतच कादंबिनींना मूल झाले. शिकणाऱ्या स्त्रीने बाळंतपणासाठी किती दिवस थांबावे, याचा नियम कोणाकडेही नव्हता. कारण असा प्रसंग उद्भवेल हेच कोणी कल्पिले नव्हते. नाइटिंगेल यांना १३ दिवसांचे कौतुक वाटले. आपल्याला त्यात निष्ठेबरोबर धाकही दिसतो. ज्या संस्थेला आपण नकोच आहोत, तिथे महिनाभर गैरहजर राहिल्यास परत घेतले जाईलच याची हमी कोण देणार? बारसे उरकून दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडणाऱ्या या बाईंच्या घरी मुलांना सांभाळणारी माणसे होती आणि पती पाठीशी होता, हेही विसरता येत नाही. एकटीला हे साधले नसते.

परीक्षेत एका विषयात त्यांना गुण कमी पडले, म्हणून एम. बी. ऐवजी जी. बी. एम. सी. ही पदविका १८८६ मध्ये हाती आली. व्यवसायाचा अधिकार त्याने मिळाला, पण मानाची पदवी हुकली. १८८८ मध्ये लेडी डफरिन रुग्णालयात दरमहा ३०० रुपयांवर नेमणूक झाली. त्यानंतरच्या वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या, त्यांत पंडिता रमाबाईंबरोबर कादंबिनीही होत्या.

घराबाहेर रात्री-अपरात्री जाणारी बाई समाजाच्या डोळ्यांत सलत होतीच. १८९१ मध्ये 'बंगवासी' पत्राने त्यांच्या चारित्र्यावर गलिच्छ शिंतोडे उडवले. गांगुली दांपत्याने खटला भरला. संपादकास सहा महिन्यांचा कारावास आणि १०० रुपये दंड झाला. गृहिणी आणि डॉक्टर ही दोन रूपे एकत्र नांदू शकत नाहीत, हा त्या आरोपाचा गाभा होता. त्याला न्यायालयात जाऊन उत्तर देणे त्या काळी सोपे नव्हते. कित्येकांनी गप्प बसण्याचाच सल्ला दिला असता.

हुकलेल्या पदवीची सल मात्र राहिली असावी. १८९३ मध्ये, मुले लहान असताना, त्या विलायतेस गेल्या. स्कॉटलंडमधील तीन वैद्यकीय संस्थांची संयुक्त परवाना परीक्षा काही महिन्यांत उत्तीर्ण होऊन परतल्या. पहिल्या वेळी १३ दिवस मुलासाठी अभ्यास थांबला होता. या वेळी अभ्यासासाठी मुले थांबली. परतल्यावर त्यांचा व्यवसाय झपाट्याने वाढला. १८९८ मध्ये द्वारकानाथ गेले. त्यानंतरही घरची मुले आणि रुग्ण दोन्ही त्यांनीच सांभाळले. घोडागाडीतून एका घरून दुसऱ्या घरी जाताना त्यांच्या हातात लेस विणण्याची सुई असे. तेवढा वेळही फुकट जाऊ द्यायचा नाही.

१९२२ मध्ये, साठी ओलांडल्यावर, त्या कवयित्री कामिनी राय यांच्यासह बिहार-ओरिसातील खाणींत गेल्या आणि तिथे राबणाऱ्या स्त्रियांची स्थिती पाहून आल्या. ३ ऑक्टोबर १९२३ रोजी सकाळी त्यांनी एक शस्त्रक्रिया केली, घरी परतल्या, आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.