वाळूवर विजय मिळविणारा सुतारपुत्र : जीन साराझेन

गोल्फच्या इतिहासात जीन साराझेन यांचे नाव निघाले की, १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेतील २३५ यार्डांचा तो अचाट फटका आधी आठवतो. मात्र या खेळाला त्यांनी दिलेली खरी देणगी याच्या अगदी उलट टोकाची आहे. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू उंच उचलून तो हिरवळीवर अलगद उतरविणारा ‘सँड वेज’ हा क्लब त्यांच्या प्रयत्नांतून आजच्या रूपास आला. शंभर वेळा पाहिलेल्या दूरच्या फटक्यापेक्षा हे काम मोठे, असेच म्हणावे लागेल.

२७ फेब्रुवारी १९०२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हॅरिसन येथे एका इटालियन स्थलांतरित सुताराच्या घरी त्यांचा जन्म झाला. मूळ नाव युजेनियो साराचेनी. बालपणीच कॅडी म्हणून खेळाडूंच्या पिशव्या वाहताना गोल्फची ओढ लागली. मुलाने आपलाच धंदा पुढे चालवावा, ही वडिलांची इच्छा होती. परंतु किशोरवयात फुप्फुसाच्या जीवघेण्या आजारातून उठल्यावर मोकळ्या हवेतील काम करण्याचा वैद्यकीय सल्ला मिळाला आणि सुतारकाम मागे पडले. व्हायोलिनवादकाला शोभेल असे वाटणारे आपले नावही त्यांनी बदलले.

१९२२ मध्ये, अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन ओपन आणि पीजीए या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. पुढच्या वर्षी वॉल्टर हेगन यांना हरवून पीजीए विजेतेपद राखले. त्यानंतर मात्र तब्बल नऊ वर्षे एकही प्रमुख विजेतेपद नाही! यामागे इतर कारणे होतीच. पण वाळूतील खेळ हे आपले दुखणे आहे, याची जाणीव त्यांना होती.

दोष केवळ हातांचा नव्हता, हत्याराचाही होता. त्या काळी वाळूत वापरल्या जाणाऱ्या ‘निब्लिक’ या क्लबची पुढची कड पातळ व धारदार असे. जरा मागे फटका बसला की ती कुदळीसारखी वाळूत रुते आणि चेंडू जागचा हलत नसे. त्या भीतीने चेंडूच नेमका टिपायला जावे, तर तो हिरवळीच्या पलीकडे निघून जाई.

हॉवर्ड ह्यूज यांच्यासोबत विमानोड्डाणाचे धडे घेत असताना साराझेन यांना उपाय सुचला. उड्डाणाच्या वेळी विमानाचे शेपूट खाली झुकते आणि नाक वर उचलले जाते. क्लबच्या बाबतीत हेच का घडू नये? फ्लोरिडातील न्यू पोर्ट रिची येथील आपल्या कार्यशाळेत त्यांनी निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने शिशाचे डाग देण्यास सुरुवात केली. थोडे घासायचे, वाळूत मारून पाहायचे, पुन्हा डाग द्यायचा, असा क्रम चालला. अखेरीस तळाची मागची कड पुढच्या कडेपेक्षा खाली आली. आता क्लब चेंडूच्या मागे वाळूत शिरला, तरी रुतत नसे. चेंडूखालून सरकत जाई. चेंडूला प्रत्यक्ष स्पर्शही होत नसे. उसळलेल्या वाळूच्या थरावर स्वार होऊन तो वर जाई आणि उतरल्यावर फारसा घरंगळत नसे. रुंद तळाचे क्लब त्यापूर्वीही निघाले होते. खोलगट पात्याच्या एका प्रकारावर तर १९३१ मध्ये बंदीही आली होती. साराझेन यांच्या क्लबचे पाते खोलगट नव्हते.

तरीही बंदीची धास्ती होतीच. १९३२ च्या ब्रिटिश ओपनसाठी ते इंग्लंडमधील सँडविच येथे गेले, तेव्हा सरावानंतर हा क्लब कोटाखाली लपवून मुक्कामी नेत, असे त्यांनी पुढे सांगितले. स्पर्धा सुरू झाल्यावर मात्र तो उघडपणे वापरला.

याच गावाशी त्यांची एक जुनी सल जोडलेली होती. १९२८ च्या ब्रिटिश ओपनमध्ये स्किप डॅनियल्स या अनुभवी कॅडीचा सल्ला डावलून त्यांनी एका होलवर सात फटके घेतले होते आणि दोन फटक्यांनी विजेतेपद हुकले होते. १९३२ मध्ये वृद्ध झालेल्या, दृष्टी मंदावलेल्या डॅनियल्स यांना त्यांनी प्रथम नाकारले. सरावात खेळ बिघडू लागला तेव्हा त्यांनाच पुन्हा बोलावले. या वेळी साराझेन पाच फटक्यांच्या आघाडीने जिंकले. काही महिन्यांतच डॅनियल्स यांचे निधन झाले. त्याच वर्षी साराझेन यांनी अखेरचे २८ होल १०० फटक्यांत पूर्ण करून अमेरिकन ओपनही जिंकली. पुढे विल्सन कंपनीने या धाटणीचा क्लब बाजारात आणला.

१९३३ ची पीजीए आणि १९३५ ची मास्टर्स जिंकल्यावर चारही आधुनिक प्रमुख स्पर्धांचे ते पहिले मानकरी ठरले. १३ मे १९९९ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी, फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. त्याच्या आदल्याच महिन्यात मास्टर्सच्या प्रारंभीचा मानाचा फटका त्यांनी मारला होता.

१९७३ मध्ये, ७१ व्या वर्षी, ते पुन्हा ब्रिटिश ओपनमध्ये उतरले होते. स्कॉटलंडमधील ट्रून येथील आठवा होल इवल्याशा हिरवळीमुळे ‘पोस्टेज स्टॅम्प’ म्हणून ओळखला जातो. पहिल्या दिवशी तेथे त्यांचा चेंडू एकाच फटक्यात होलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी तो वाळूच्या खड्ड्यात पडला. साराझेन यांनी सँड वेज काढला आणि चेंडू तेथूनच थेट होलमध्ये धाडला.