मास्टर दीनानाथ : तबकडीत न मावलेला आवाज

रत्नागिरीतल्या नाट्यगृहाला स्वातंत्र्यवीर सावरकरांचे नाव आहे आणि ते सर्वार्थाने उचित आहे. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर याच गावी स्थानबद्ध होते. राजकारणात भाग घेण्यास त्यांना मनाई होती. परंतु नाटक लिहिण्यास नव्हती. या काळात त्यांच्या लेखणीतून उतरलेले ‘संगीत संन्यस्त खड्ग’ १९३१ साली रंगभूमीवर आले. ते आणले बळवंत संगीत नाटक मंडळींनी, आणि त्यातील पदांना घराघरांत पोहोचवणारा आवाज होता मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचा. नाटक आज क्वचितच होते. पदे मात्र कोकणातल्या नाट्यसंगीताच्या मैफलींत अजून गायिली जातात.

दीनानाथांचा जन्म २९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातील मंगेशी येथे झाला. वडील गणेशभट्ट हे मंगेशाच्या देवळातील पुजारी, तर आई येसूबाई राणे देवळाच्या सेवेतील कलावंत घराण्यातल्या. मुलाने आडनाव घेतले ते गावाचे आणि त्या गावच्या देवाचे. अगदी लहान वयात बाबा माशेलकर यांच्याकडे त्यांचे गाण्याचे शिक्षण सुरू झाले. पुढे बिकानेरचे सुखदेवप्रसाद यांची तालीम मिळाली. सावंतवाडी परिसरातील वझरे गावचे, ग्वाल्हेर परंपरेतले दिग्गज गवई रामकृष्णबुवा वझे यांचाही त्यांच्या गाण्यावर खोल ठसा उमटला.

बालगंधर्व १९१३ साली किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्या जुन्या कंपनीला नव्या गळ्याची निकड भासू लागली. अशा वेळी किशोरवयीन दीनानाथ तेथे दाखल झाले. परंतु १९१८ साली त्यांनी चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह किर्लोस्कर मंडळी सोडली व ‘बळवंत’ची स्थापना केली. तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. राम गणेश गडकरी यांच्या ‘भावबंधन’मधील लतिका, वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभि’तील तेजस्विनी, ‘मानापमान’मधील धैर्यधर अशा भूमिकांनी त्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले.

त्या काळी नाट्यसंगीत म्हटले की बालगंधर्वांच्या गायकीचा मापदंड पुढे येई. लयीशी लडिवाळपणे खेळणारी, शब्दाला कुरवाळणारी ती गायकी होती. दीनानाथांनी तिचे अनुकरण केले नाही. त्यांची पट्टी उंच, लय चढी, आवाज टोकदार आणि तान बिजलीसारखी होती. एका स्वरावरून दूरच्या स्वरावर अचानक झेप घ्यायची, पंजाबी ढंगाची एखादी हरकत मध्येच टाकायची आणि ऐकणारा सावरण्याआधीच समेवर यायचे, अशी त्यांची रीत होती. रुळलेल्या पदांनाही त्यांनी निराळा बाज दिला. त्यामुळे स्त्रीवेषात गाताना त्यांच्या गाण्यात लाडिकपणापेक्षा ओज अधिक असे. ‘रणदुंदुभि’ आणि ‘संन्यस्त खड्ग’ या स्वातंत्र्याची आच असलेल्या नाटकांना असाच गळा हवा होता.

या दोन्ही नाटकांना संगीत दिले ते वझेबुवांनी. ‘संन्यस्त खड्ग’मध्ये दीनानाथ सुलोचनेची भूमिका करीत. त्यातील ‘मर्मबंधातली ठेव ही’ हे पद पटदीप रागावर आधारलेले आहे. पटदीपात गंधार कोमल आणि निषाद शुद्ध असतो. आरोहात ऋषभ व धैवत वर्ज्य असल्याने चढताना स्वरांत मोठी अंतरे पडतात. भीमपलासीची ओळखीची वाट चालता चालता कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद भेटतो आणि तो षड्जाकडे ओढून नेतो. झेप घेणाऱ्या गळ्याला इतका अनुकूल राग विरळाच. रागाची ठेवण आणि गायकाचा स्वभाव जाणून चाल बांधणे म्हणजे काय, याचा हे पद वस्तुपाठ आहे.

रंगमंचावर अशा पदाला काळाचे बंधन नसे. ‘वन्समोअर’ मिळत गेले की तेच पद लांबत जाई आणि प्रत्येक वेळी त्यात नव्या जागा निघत. तबकडीचा हिशेब वेगळा होता. मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात मुखडा, अंतरा, आलाप, ताना सारे बसवायचे. साहजिकच लय आणखी चढे, आलाप आखूड होत आणि ताना एकमेकींच्या अंगावर येत. आज आपण ज्याला दीनानाथांचा आवेग म्हणतो, त्यात त्यांचा स्वभाव किती आणि सुईखालून सरकणाऱ्या वेळेची घाई किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

त्यात आणखी एक गुंता आहे. त्या काळातील सर्वच तबकड्या बरोबर ७८ फेऱ्यांवर कोरल्या जात नसत. समजा, एखादे पद ७६ फेऱ्यांवर मुद्रित झाले आणि पुढे ७८ फेऱ्यांवर वाजवले गेले, तर लय सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. तिच्याबरोबर पट्टीही वर सरकते आणि हा फरक अर्ध्या स्वराच्या जवळपास निम्मा भरतो. आवाज अधिक पातळ आणि तान अधिक वेगवान भासते. म्हणून जुने मुद्रण ऐकून कोणत्याही गायकाची पट्टी वा लय छातीठोकपणे सांगणे धाडसाचे ठरते. दीनानाथांसारख्या मुळातच उंच व जलद गाणाऱ्याच्या बाबतीत तर अधिकच. संग्राहक मंडळी तबकडीचा वेग जुळवण्यासाठी इतका जीव टाकतात, तो उगाच नव्हे.

‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आले, त्याच वर्षी बोलपटांचे युग सुरू झाले आणि नाटक मंडळ्यांचा प्रेक्षक झपाट्याने ओसरू लागला. ‘बळवंत’नेही काळाबरोबर जाण्याचा यत्न केला. सांगलीत बळवंत पिक्चर्स उभी राहिली आणि १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा बोलपट निघाला. तो व्यवहार मात्र अंगलट आला. वैभव पाहिलेली कंपनी मोडली आणि दीनानाथ कर्जाच्या ओझ्याखाली सापडले. अखेरची वर्षे पुण्यात, विपन्नावस्थेत आणि आजारपणात गेली. २४ एप्रिल १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. वय होते ४१.

मागे राहिली पत्नी आणि पाच मुले. थोरली लता बारा वर्षांची, तर धाकटा हृदयनाथ साडेचार वर्षांचा. त्याच वर्षी लताने चित्रपटांत काम करण्यास सुरुवात केली. त्यानंतरचा इतिहास साऱ्या देशाला ठाऊक आहे. दीनानाथांच्या गायकीचा वारसा मात्र केवळ घरातच राहिला नाही. वसंतराव देशपांडे यांनी त्यांना गुरुस्थानी मानले. ती बेधडक तान आणि ती अनपेक्षित झेप वसंतरावांच्या गळ्यातून पुढच्या पिढ्यांनी ऐकली आणि नाट्यपदे तशीही गाता येतात, हे मान्य केले.

बालगंधर्वांना आठ दशकांचे आयुष्य लाभले. दीनानाथांच्या वाट्याला त्याच्या निम्मेच आले आणि उमेदीचा काळ त्याहूनही थोडा. त्यामुळे त्यांच्याविषयीचे आपले मत बव्हंशी मूठभर तबकड्यांवर उभे आहे. त्या ऐकताना एवढेच ध्यानी ठेवावे की, कानी पडते ते त्यांचे संपूर्ण गाणे नव्हे. दर प्रयोगाला बदलणाऱ्या गाण्याचा एका दिवशीचा, एका बैठकीतला आणि तीन मिनिटांत कोंबलेला तो एक तुकडा आहे. तो तुकडाही आज इतका जिवंत वाटतो, यावरूनच रंगमंचावरच्या दीनानाथांची कल्पना करावी.