चिनी मातीचे वैभव जपणारे नबाब

हैदराबादचे सालारजंग संग्रहालय ऐकून ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. अवगुंठित रेबेकेचा संगमरवरी पुतळा व तासातासाला टोले देणारा घड्याळातील बाहुला पाहून आपली मंडळी तृप्त मनाने परततात. परंतु या अफाट संग्रहाचे धनी नबाब मीर युसुफ अली खान, म्हणजेच तिसरे सालारजंग, यांचा जन्म १३ जून १८८९ रोजी पुण्यास झाला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच माहीत असते.

पुण्याशी जडलेले हे नाते दुःखाचे ठरले. मूल महिन्याचे होण्यापूर्वीच वडील मीर लायक अली खान, दुसरे सालारजंग, यांचे पुण्यातच निधन झाले. हैदराबाद संस्थानचे नामांकित दिवाण असलेले आजोबा, पहिले सालारजंग, १८८३ मध्येच निवर्तले होते. घराण्याचे नाव थोर, जहागीर मोठी. पण पाठीवर हात ठेवण्यास ना वडील, ना आजोबा, अशा स्थितीत हा बालक वाढला.

१९१२ साली निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांस दिवाणपदी नेमले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. १९१४ मध्ये ते त्या पदावरून दूर झाले. पुढची पस्तीस वर्षे या अविवाहित नबाबाने कलावस्तूंच्या संग्रहास वाहिली. रेबेकेचा पुतळा आजोबांनी १८७६ साली इटलीहून आणला होता. नातवाने त्या वारशात सहस्रावधी वस्तूंची भर घातली आणि दिवाण देवडी हा त्यांचा वाडा दालनामागून दालन भरत गेला.

त्यांतील चिनी मातीच्या वस्तूंचा विभाग आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. चिनी माती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर लोणच्याची बरणी येते. येथे मात्र चीनची निळी-पांढरी पात्रे आहेत, आणि विषारी अन्नाचा स्पर्श होताच रंग पालटतो असा समज असल्याने राजेरजवाड्यांनी जपलेली फिकट हिरवी सेलाडॉन भांडीही आहेत. युरोपातील नाजूक कारागिरी आहे. तशीच जपानची सात्सुमा व इमारी पात्रेही आहेत.

इमारी हे वास्तविक बंदराचे नाव होय. ही भांडी घडत क्यूशू बेटावरील आरिता गावी. तेथे सतराव्या शतकाच्या आरंभी हा उद्योग सुरू झाला. पुढे डच व्यापाऱ्यांनी ती युरोपास नेली, परंतु माल इमारी बंदरातून बाहेर पडे म्हणून बंदराचेच नाव त्यास चिकटले. गडद निळा, विटकरी तांबडा व सोनेरी ही त्याची रंगत्रयी. निळा कोबाल्ट भट्टीची प्रखर आच सोसतो, म्हणून तो झिलईखाली रंगवितात. तांबडा व सोनेरी यांस तेवढी आच सोसत नाही. ते झिलईवर चढवून पात्र पुन्हा मंद आचेवर भाजावे लागते. प्रत्येक खेपेस तडा जाण्याचे भय असतेच. अशी वस्तू सातासमुद्रापलीकडून अभंग आणणे व पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणे, हे केवळ पैशाचे काम नव्हे.

२ मार्च १९४९ रोजी नबाबसाहेब निवर्तले. त्यांस अपत्य नव्हते. आयुष्यभर जमविलेले हे धन वाटण्यांत विखुरले जाणार काय, हा प्रश्न त्या वेळी उभा राहिला. सुदैवाने तसे घडले नाही. कलासमीक्षक जेम्स कझिन्स यांच्या साहाय्याने वस्तूंची मांडणी झाली व १६ डिसेंबर १९५१ रोजी दिवाण देवडीतच पंडित नेहरूंच्या हस्ते संग्रहालय उघडले. १९५८ मध्ये वारसदारांनी तडजोडीने संग्रह भारत सरकारच्या स्वाधीन केला. १९६१ च्या कायद्याने त्यास राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा लाभला, आणि १९६८ साली तो मुसा नदीकाठच्या आजच्या वास्तूत आला.

पन्नास वर्षे एक मंडळ एकत्र राखताना, जमविण्यापेक्षा टिकविणे किती अवघड असते, याचा अनुभव आपण सर्वांनीच घेतला आहे. म्हणूनच हैदराबादेस जाणाऱ्या आमच्या सभासदांस आमची एक विनंती आहे. घड्याळाचे टोले ऐकून झाल्यावर त्यांनी जपानी दालनातही थोडे थांबावे आणि पुण्यास जन्मलेल्या त्या एकाकी रसिकाचे स्मरण करावे.