खंडांच्या प्रवासाचा अभ्यासक : आल्फ्रेड वेगेनर

बर्लिनमधील एका अनाथाश्रमाचे संचालक रिचर्ड वेगेनर यांच्या घरी १ नोव्हेंबर १८८० रोजी आल्फ्रेड यांचा जन्म झाला. त्यांनी खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, पण मन रमले ते हवामानशास्त्रात. १९०६ साली बंधू कुर्ट यांच्यासह बलूनमधून सलग ५२ तास आकाशात राहण्याचा विक्रम त्यांनी केला आणि त्याच वर्षी ते ग्रीनलंडच्या पहिल्या मोहिमेवर निघाले.

आफ्रिका व दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसण्यासारखे आहेत, हे त्यांच्या आधीही अनेकांनी पाहिले होते. वेगेनर तेवढ्यावर थांबले नाहीत. महासागर पोहून जाणे अशक्य असलेल्या मेसोसॉरस या लहानशा सरपटणाऱ्या प्राण्याचे जीवाश्म दोन्ही किनाऱ्यांवर कसे? आज उष्ण असलेल्या प्रदेशांत प्राचीन हिमनद्यांच्या खुणा कशा? अशी एक खूण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातही आहे. जिथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तिथे इरई गावाजवळ चुनखडीच्या कातळावर हिमनदीने ओढलेले ओरखडे आढळतात. दक्षिणेकडील प्राचीन महाखंडाचे गोंडवन हे नावही गोंडांच्या भूमीवरूनच पडले आहे.

सर्व खंड एकेकाळी एकत्र होते व नंतर दूर सरकले, हा विचार त्यांनी जानेवारी १९१२ मध्ये फ्रँकफुर्ट येथे मांडला आणि १९१५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. बहुतेक भूशास्त्रज्ञांनी तो नाकारला. हवामानशास्त्राच्या माणसाने आपल्या क्षेत्रात पाऊल टाकावे, हे काहींना रुचले नाही, हे खरे. तथापि विरोधकांना केवळ हट्टी ठरवणे न्यायाचे होणार नाही. खंडांना सरकवण्यासाठी वेगेनर यांनी सुचवलेली बले खरोखरच अपुरी होती. ती उणीव त्यांना ठाऊक होती. पुरावे जोडत, चुका दुरुस्त करत १९२९ पर्यंत त्यांनी ग्रंथाच्या चार आवृत्त्या काढल्या.

उत्तर मिळाले ते १९६०च्या दशकात, महासागरांच्या तळाशी. तेथील पर्वतरांगांवर नवे कवच तयार होते, खोल गर्तांत जुने कवच खाली जाते आणि या घडामोडीत भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. खंड त्या भूपट्टांचेच भाग आहेत. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट आशियाला भिडला व हिमालय उभा राहू लागला. हे पाहण्यास वेगेनर नव्हते.

१९३० च्या मोहिमेत ग्रीनलंडच्या अंतर्भागात, किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटरवर, त्यांचे सहकारी हिवाळाभर निरीक्षणे घेणार होते. त्यांना रसद पोहोचवण्यासाठी वेगेनर सप्टेंबरमध्ये निघाले. भीषण थंडीमुळे सोबतचे बहुतेक लोक वाटेतून परतले. तळावर पोहोचलेल्या तिघांपैकी एकाच्या पायाची बोटे गोठली होती. त्याला तेथेच ठेवणे भाग होते. पाच जणांना पुरेल इतके अन्न तळावर नव्हते. म्हणून पन्नासाव्या वाढदिवशीच वेगेनर, रासमुस विलुमसेन या तरुण ग्रीनलंडवासी सोबत्यासह, परतीला लागले.

मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा देह बर्फात सापडला. रासमुस यांनी तो नीट गुंडाळून पुरला होता आणि जागा ओळखता यावी म्हणून स्की उभ्या रोवून ठेवल्या होत्या. वेगेनर यांची रोजनिशी घेऊन ते पुढे निघाले असावेत. रासमुस यांचा आणि त्या रोजनिशीचा शोध पुढे कधीच लागला नाही.